उलट पावलांनी

१२ ऑक्टोबर

आज ओढ्याकडची वाट तपासली. दादा आला होता.

हे वाक्य लिहायला दिवसभर मन धजत नव्हतं. लिहून टाकलं. आता बाकीचं लिहिता येईल.

बारकी गाडीपुढे होती. बारकी म्हणजे दादाची लेक. माझ्यापेक्षा उंच झाली तरी घरात नाव तेच राहिलं. ती माझ्याकडे तोंड करून मागे मागे चालत हातांनी खुणा करत होती, मी स्टिअरिंगवर. ओढ्याच्या अलीकडे वळण आलं आणि तिच्या पलीकडे, थोडा उजव्या अंगाला, झाडाच्या सावलीत दादा दिसला. तोही तसाच — उलट पावलांनी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मान जराशी कलती. मी पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा झाड तेवढं उरलं होतं.

किती वेळ ब्रेकवर पाय ठेवून बसलो कोण जाणे. बारकीने हाक मारली, "काका, डुलकी लागली का?" मी देवाचं नाव घेतलं आणि गाडी ओढ्यात घातली.

तिला काही बोललो नाही.

१३ ऑक्टोबर

दादाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. उन्हाळ्यातली संध्याकाळ. कामावरून आला, दारातल्या खुर्चीत बूट काढायला बसला. एक काढला. दुसऱ्याची नाडी बोटांत तशीच राहिली. वहिनी चहा घेऊन बाहेर आली तर तिला वाटलं, गाठ सुटत नाही म्हणून खाली वाकून बसलाय. ती म्हणाली, "थांबा, मी सोडते."

ती अजून हे सांगते तेव्हा इथेच थांबते. पुढचं कुणी विचारत नाही.

आमचं काम सांगायला सोपं, लोकांना पटायला अवघड. या जंगलाच्या उद्यानात गाड्या घालायच्या वाटा आहेत. लोक हौसेने आपापल्या जीपा घेऊन येतात, चिखलात रुतवतात, दगडांवर चढवतात, पत्रा वाकवून हसत घरी जातात. माझी बायको, आमची ही, म्हणते, "चांगला डांबरी रस्ता सोडून खड्ड्यात जायला लोक इतक्या लांबून येतात, आणि तुम्ही त्यांना खड्डे शोधून देता." खोटं नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तेवढ्यात वाटा बदलतात. पाणी माती नेतं, झाडं आडवी होतात, गुडघ्याएवढी दगडाची पायरी कमरेला लागते. म्हणून उघडण्याआधी प्रत्येक वाट आधी पायी आणि मग गाडीने बघायची, आणि झाडांवर रंगाचा पट्टा मारायचा. हिरवा — कुणीही जावं. निळा — हात बसलेला हवा. काळा — घरी सांगून यावं.

एक जण स्टिअरिंगवर, एक जण पुढे. पुढच्याला आम्ही वाटाड्या म्हणतो. तो गाडीकडे तोंड करून उलटा चालतो, कारण त्याला चारही चाकं दिसायला हवीत. चालवणाऱ्याने वाट बघायची नाही, वाटाड्याचे हात बघायचे. चढावर गाडीचं नाक वर झालं की तसंही दुसरं काही दिसत नाही. काचेत आभाळ, आणि त्यात दोन हात.

माझ्यापुढे इतकी वर्षं दादाचेच हात होते. लोक त्याला उलटपाय्या म्हणायचे. भुताचे पाय उलटे असतात ना, त्यावरून. त्याला राग नव्हता. म्हणायचा, "भूत वाट चुकवतं. मी दाखवतो. पगार मलाच द्या."

१४ ऑक्टोबर

रंगाचं राहिलंच.

रंग ठरवायची आमची एक रीत आहे. वाट संपली की दोघांनी एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि एकदम रंग बोलायचा. जुळला तर पट्टा मारायचा. नाही जुळला तर ज्याने अवघड म्हटलं त्याचं खरं. वाद घालायचा नाही. दादाने घातलेली रीत. त्याचं म्हणणं, ज्याला भीती वाटली त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

परवा ओढ्याकडच्या वाटेला मी म्हटलं हिरवा, बारकी म्हणाली निळा.

"का गं? ही तर लेकराबाळांची वाट."

"तुम्ही ओढ्याशी एवढा वेळ थांबलात. मला वाटलं, पाण्याखाली काहीतरी असणार. काका उगाच थांबायचे नाहीत."

रीत म्हणजे रीत. निळा पट्टा मारला. आता म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन येतील आणि निळा बघून मागे फिरतील. दादा दिसल्याचा एवढा पुरावा जगात आहे — सरळ वाटेवरच्या झाडांना निळा रंग.

१६ ऑक्टोबर

पाऊस. काम नाही. रुतलेली गाडी ओढायच्या साखळ्यांना तेल दिलं. देवापुढे जास्त वेळ बसलो, पण मन लागलं नाही. डोळे मिटले की तो दिसत नाही. हे मला जास्त लागतं. डोळे उघडे असताना येतो, मिटल्यावर नाही. आठवण असती तर उलटं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

आज बारकी माझ्या हातून गेली असती.

निळी वाट. मुळांचा जिना संपला की अंगावर कलणारी उतरण लागते. डावीकडे चढ, उजवीकडे घसरण. मागचं चाक कुठे पडतंय ते बघायला बारकी समोरून बाजूला सरकली, उजव्या अंगाला. बरोबरच होतं तिचं. दादाही तिथूनच बघायचा.

आणि तिथे दादाच होता. सावलीत नाही, झाडाआड नाही. उजेडात, गाडीपासून दोन हातांवर. दोन्ही तळवे स्वतःकडे, बोटं हलकेच मिटत, उघडत. ये. ये. आमची सगळ्यात साधी खूण. त्या हातांना मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही.

क्लच सोडला.

किंकाळी ऐकू आली ती बारकीची. दगड सुटला, गाडी उजवीकडे सरकली आणि एका बुंध्याला टेकून थांबली. मी उतरलो. बारकी खाली झुडपात होती. उडी मारली म्हणून वाचली. कोपर सोललेलं, केसांत काटक्या. उठून माझ्यासमोर आली. रडत नव्हती. दादासारखीच, राग आला की आवाज खाली जातो.

"मी मूठ वर केली होती. थांबा म्हणून. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."

"हो."

"मग?"

"ऊन आलं गं डोळ्यांवर."

तिने वर बघितलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. कोपर धुवायला पाण्याची बाटली मागितली.

देवा, तू आज हात दिलास. पण उद्या? पोरीला काही झालं तर मी वहिनीच्या दारात कसा उभा राहू?

१९ ऑक्टोबर

सगळं हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती, हात थांबले. म्हणाली, "कोणती खूण करत होते?"

"ये म्हणून."

तिने सुरी बाजूला ठेवली. मला माहीत होतं ती कशाला घाबरली. मीही त्यालाच घाबरलो होतो, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं. आमची आई सांगायची, गेलेलं माणूस बोलावू लागलं तर ओ द्यायची नाही, मागे जायचं नाही. पण आईला काय ठाऊक, तिचा थोरला पुढे मोठा होऊन दिवसभर 'ये, ये' हेच करत पोट भरणार आहे! त्याचा हात तसाच उठणार. तो मला वाट दाखवतोय की नेतोय, हे मी कशावरून ओळखू? जिवंत होता तेव्हाही खूण तीच होती.

ही म्हणाली, "तुम्हाला न्यायला आले असतील तर मी भांडेन त्यांच्याशी. हयात असताना कधी भांडले नाही, पण आता भांडेन."

हसलो दोघंही. मग तिने पुन्हा सुरी हातात घेतली.

२० ऑक्टोबर

वहिनीकडे गेलो. कोपराचं बारकीने घरी 'पडले' एवढंच सांगितलं होतं. मला ते जड झालं. मी खरं सांगितलं. दादाचंही.

वाटलं होतं रागावेल. घाबरेल. तिने विचारलं, "कसे दिसतात, भावोजी? वाळलेत का?"

"नाही. होता तसाच."

"शर्ट कोणता?"

"बाह्या दुमडलेला. खाकी."

"त्याची उजवी बाही उसवली होती. शिवायची राहिली." ती उठली, पुन्हा बसली. मग पदराशी बघत म्हणाली, "घरात नाही आले कधी. मी दार लोटूनच ठेवते, कडी लावत नाही. एकदाही नाही आले. कामावर मात्र जातात."

मी चहा न घेता निघालो. ती दारापर्यंत आली. "बारकीला न्या उद्या. मी अडवणार नाही. पण भावोजी, तुम्ही तिच्याकडे बघा. त्यांच्याकडे नका बघू."

२३ ऑक्टोबर

उद्यानाच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर नकाशा. हिरव्या रेघा, निळ्या रेघा, आणि वरच्या टोकाला एकच काळी. ती दादाची. कड्याच्या पोटातून चढणारी ती वाट त्यानेच शोधली, त्यानेच दगड दगड बघून ठरवली. तिच्यावर वाटाड्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "काळीचं काय करायचं ते उघडण्याआधी सांगा. तुमच्याच्याने होणार नसेल तर तसं म्हणा, मला वाईट वाटणार नाही. मशिन आणतो, पायऱ्या फोडून सपाट करून टाकतो. सगळ्यांची कटकट मिटेल."

बारकी बाजूला उभी होती. मला वाटलं, ती माझ्या तोंडाकडे बघेल. तिने नकाशाकडे बघितलं. "होईल," म्हणाली. "काका चालवतील, मी वाटाड्या."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला विचारलंस का?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत."

"आणि उतरणीवरचं?"

"तेव्हा ऊन होतं ना," ती म्हणाली.

२५ ऑक्टोबर

हिची पाळत चालू आहे. आज दुपारी जेवताना वाटी पुढे केली, मी घेतली नाही. पुन्हा केली. तिसऱ्यांदा माझ्या ताटावर ठणकन आपटली.

"दिसत नाही?"

"काय?"

"हे काय, तुमच्या उजव्या हाताशी दोन वेळा धरलं. परवा दाराच्या चौकटीला खांदा आपटलात, तोही उजवाच. गेल्या आठवड्यात उजव्या बाजूने मांजर गेलं तर दचकलात, जसं काही आभाळातून पडलं. मी इतके दिवस म्हणत होते माणूस दुःखात आहे. पण दुःख काय उजव्या बाजूलाच असतं?"

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी नको म्हटलं. तिने बारकीला फोन लावला. दोघी एक झाल्यावर माझं काय चालणार.

२६ ऑक्टोबर

डॉक्टरबाई वयाने लहान, बोलायला धीमी. एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. आत अंधारात बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बिघडलंय, मध्ये मध्ये दिवे लागतच नाहीत. बिघडलं नव्हतं.

कागदावर दोन गोल छापून आले. दोन्हीत उजव्या अंगाला काळा डाग. सांडलेल्या शाईसारखा. त्या म्हणाल्या, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलं ते परत येणार नाही. थेंब टाकलेत तर उरलेलं राखता येईल.

मी विचारलं, "पण मला तिथे काळं दिसत नाही."

"नाही दिसणार. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तिथे तो काहीतरी भरतो. आजूबाजूचं रान, भिंत. कधी कधी नेहमीच्या सवयीचं माणूससुद्धा. घाबरू नका, वेड नाही ते. बरेच जण सांगायला लाजतात." मग सहज म्हणाल्या, "तुम्हाला दिसतं का कुणी?"

बारकी शेजारच्या खुर्चीत होती. मी सांगितलं. पहिल्यांदा तिच्यासमोर.

तिने माझा हात धरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजपासून गाडी चालवायची नाही. चुकूनही नाही.

२७ ऑक्टोबर

म्हणजे उतरणीवर तिथे बारकीच उभी होती. मूठ वर करून. आणि मी तिच्या जागी दादा बघितला, तिच्या मुठीच्या जागी 'ये'. इतकी वर्षं बघितलेलं डोळ्यांनी पुन्हा दाखवलं, एवढंच.

बरं वाटायला हवं. कुणी बोलावत नाही. कुणी न्यायला आलेलं नाही. हिने तर देवापुढे दिवा लावला. पण मला काल संध्याकाळपासून पुन्हा सुतक आल्यासारखं वाटतंय. दादा पहिल्यांदा गेला तेव्हा निदान खांदा द्यायला माणसं होती. हा दुसऱ्यांदा गेला तो थेंबांच्या बाटलीत.

२९ ऑक्टोबर

वहिनीला सांगितलं. डाग, नस, मेंदू, जमेल तसं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही आले नव्हते."

"नाही."

"बरं झालं बाई." तिने डोळे पुसले. "मला वाटत होतं, माझ्यावर रुसलेत. बूट काढायला मी लवकर आले नाही म्हणून."

३१ ऑक्टोबर

बारकी चालवणार. मी वाटाड्या.

हे तिनेच काढलं. म्हणाली, "बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हा तुम्ही मागे बसून घाबरत होता. आता पुढे उभं राहून घाबरा."

आज मोकळ्या मैदानात सराव. उलटं चालणं किती अवघड! पोटरीला गोळे आले. पायाला डोळे नसतात हे पन्नाशीला आल्यावर कळतंय. मागच्या दगडाला अडखळून बसकण मारली, तर ती काचेतून ओरडली, "काका, ही कोणती खूण?"

पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. वाटाड्याला चालवणाऱ्याचं तोंड दिसतं. पूर्ण वेळ. ती ओठ दाबून, डोळे न हलवता माझ्या हातांकडे बघत होती. मी जे म्हणेन ते करणारं तोंड. इतकी वर्षं दादाने माझं हेच तोंड बघितलं आणि मला कधी सांगितलं नाही की ते बघवत नाही.

२ नोव्हेंबर

ओढ्याकडची वाट पुन्हा केली, बारकी स्टिअरिंगवर. वळणावर मी मुद्दाम झाडाकडे बघितलं. कुणी नाही. मान उजवीकडे वळवून वळवून चालायची सवय लावतोय.

शेवटी पाठीला पाठ लावून रंग बोललो. दोघंही — हिरवा. निळ्यावर हिरवा मारताना बारकी म्हणाली, "झाडाला विचारा तर बिचारं म्हणेल, एकदा काय ते ठरवा."

४ नोव्हेंबर

काळी वाट पायी बघून आलो. तीन मोठ्या पायऱ्या. पहिलीपाशी चढताना डावीकडे, म्हणजे उलट्या चालणाऱ्याच्या उजवीकडे, घळ आहे, झुडपांनी झाकलेली. दुसरी ओली. तिसरीपर्यंत मी गेलो नाही, धाप लागली. बारकीही नाही गेली. खालून बघितली. कातळ शाबूत दिसतो. एरवी दादाने असं चालू दिलं नसतं. आधी सगळी पायी, मग गाडी. पण उद्या पाऊस सांगितलाय, परवा साहेबांना वाट झाली का ते सांगायचंय. मन म्हणतं, थांब. मग बारकीच्या तोंडाकडे बघतो. मशिन आलं तर तिच्या बापाची एवढी एक खूण जगातून पुसली जाईल. तिने हे एकदाही बोलून दाखवलेलं नाही.

मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. हात दिसले नाहीत तर पाय ब्रेकवर, इंजिन बंद. एक वीतही पुढे नाही. काका कुठे गेले, काय झालं, काही विचार करायचा नाही. थांबायचं.

"कळलं काका."

"बोलून दाखव."

"हात नाहीत तर मी नाही." मग म्हणाली, "पण हात असतील तर मी येणार. तुम्ही घाबरून मध्येच खाली नका करू."

५ नोव्हेंबर

पाऊस आलाच नाही. आभाळ नुसतं भरून राहिलं. वहिनीने निरोप पाठवला — पोरीने उद्या जेवून निघावं, रिकाम्या पोटी नको. माझ्यासाठी निरोप नाही. ती पोरीला माझ्यावर सोपवून मोकळी झाली आहे, आणि तेच मला पेलवत नाही.

देवा, मला दिसत नाही तेवढं तू बघ. मागणं एवढंच.

६ नोव्हेंबर

काळी वाट झाली. बारकी सुखरूप.

मी पहिल्याच पायरीवर माझ्या उजवीकडे घसरलो. मान वळवायची राहिली. झुडपांतून खाली घळीत. पाय मुरगळला. ओरडलो, आवाज इंजिनात बुडाला. वाटलं, थांबेल. थांबली नाही. गाडी माझ्या डोक्यावरून हळू, सावरून, पायरी पायरीने शेवटपर्यंत चढत गेलेली मी खालून ऐकली.

मुळं धरून, रांगत वर पोचलो तेव्हा ती तिसऱ्या पायरीच्या कडेला पालथी पडून खाली बघत होती. मी कुठून आलो तिच्या लक्षातही आलं नाही. म्हणाली, "काका, इथे तुम्ही मला सारखं डावीकडे घेत होता. मला राग आला होता, हाताएवढीच जागा होती तिकडे. पण हे बघा. उजवीकडचा सगळा कातळ खालून पोकळ आहे. आतापर्यंत आपल्याला माहीत नव्हतं. तुम्हाला कसं दिसलं?"

मी म्हटलं, "हात बघत राहिलीस, बरं केलंस."